बीफस्टेक : पाककृती आणि मजुरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांला दिली, तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी कशावर तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही कळवले की, 'घरी चांगला बीफस्टेक कसा करावा' यावर बोलावयाचे आहे. चालकांनी तो विषय जसाच्या तसा छापला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, ती माणसाच्या जीवनातला कोणताही विषय चारचौघांत, उजेडात बोलता यावा म्हणून. स्वयंपाक हा जीवनातलाच विषय आहे. आणि मांसाचा स्वयंपाक हा तर आपल्याकडे बहुधा दार लावून करावयाचा विषय आहे. तेवढ्यासाठीच तो आज व्यासपीठावर आणला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. या सभागृहात शाकाहारी मंडळी आहेत, मांसाहारी आहेत, आणि मांसाहारी असून हे मांस वर्ज्य मानणारी मंडळी तर पुष्कळच आहेत. कोणी काय खावे हे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. ज्याला नको त्याने खाऊ नये. त्याच्या न खाण्याचा आम्ही आदर करतो. परंतु न खाणाऱ्यालाही एखाद्या पदार्थाची माहिती असावयास हरकत नाही. आम्ही काही गिरणीमालक नव्हतो, तरी गिरणीचा ताळेबंद वाचावयास शिकलोच ना?

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हशीला ती लागू नाही. म्हणून या राज्यात आज आम्ही जे मांस म्हणतो ते म्हशीचे. मुंबईच्या बाजारात ज्याला 'बड्याचे' म्हणतात ते. गोव्यात कायदा वेगळा आहे, तिकडे गेलेल्याने तिकडचा कायदा पाहावा. यापुढे 'बीफस्टेक' हा शब्द आम्ही पदार्थाचे नाव म्हणून वापरणार आहोत. तव्यावर पडणार आहे ते म्हशीचेच मांस.

आता त्या नावाकडे वळू. नावात इतिहास असतो. 'बीफ' हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचांकडून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. गोठ्यात जनावर राखणारा इंग्लिश शेतकरी त्याला आपल्या भाषेत 'काऊ' म्हणे, 'ऑक्स' म्हणे. त्याच जनावराच्या मांसाला पुढे जेत्यांच्या फ्रेंचमधले नाव रूढ झाले. राबणाऱ्याच्या भाषेत जनावर उरले आणि जेवणाऱ्याच्या भाषेत मांस. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने १८१९ च्या 'आयव्हॅन्हो'मध्ये या गोष्टीचा मोठा मार्मिक उपयोग करून घेतला आहे. 'स्टेक' हा शब्द मात्र समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांचा. मूळ अर्थ सळईला टोचून भाजलेला तुकडा. म्हणजे हा पदार्थ जन्मतःच दोन स्वाऱ्यांच्या शब्दांचा बनला आहे. आणखी गंमत अशी की इंग्रजीतला 'काऊ', लॅटिनमधला 'बोस', ज्यापासून पुढे 'बीफ' झाला, आणि आपला संस्कृत 'गो' हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. माणसे भांडतात, शब्द मात्र चुलतभाऊच राहतात.

अठराव्या शतकात इंग्लंडात या पदार्थाला मोठी प्रतिष्ठा आली. १७३५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात बीफस्टेकचे एक मंडळच स्थापन झाले. त्याची आख्यायिका अशी सांगतात की, नाटकाचे पडदे रंगवणारा चित्रकार कामाच्या घाईमुळे खानावळीत जाऊ शकत नसे. तो रंगशाळेतल्या शेगडीवरच आपला तुकडा भाजून खाई. भेटीला येणाऱ्या बड्या मंडळींना तो वास आवडला, चव आवडली, आणि त्यांनी मंडळ काढले. चोवीसच सभासद, दर शनिवारी भोजन आणि ब्रीदवाक्य 'बीफ आणि स्वातंत्र्य'! आख्यायिका खरी असो वा नसो, तिचा अर्थ आम्हांला पटतो. कामावरच्या माणसाने सोयीसाठी शोधलेली गोष्ट पुढे सरदारांची चैन होते, आणि मग त्या माणसाला तिचा दरवाजा बंद होतो. आपल्याकडे झुणका-भाकर आणि ठेचा आता कोठे आणि कोणत्या दराने मिळतो, ते आपण पाहतोच आहोत.

त्याच इंग्लंडात शंभर वर्षांनी फ्रीडरिख एंगेल्स मँचेस्टरच्या कामगारवस्तीत हिंडत होता. १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक साधा हिशेब मांडला आहे. ज्याला बरी मजुरी त्याच्या घरी रोज मांस; मजुरी उतरली की मांस आठवड्यातून दोन-तीनदा; आणखी उतरली की बटाट्यात मिसळलेला डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा; त्याखाली नुसता पाव आणि बटाटा. शनिवारी संध्याकाळी पगार होत असे, त्यामुळे कामगार बाजारात पोचे तो उशिरा, आणि चांगला माल आधीच उचललेला असे. त्याच्या वाट्याला शिळे राही. मजुरीचा दर पाहण्यासाठी हजेरीपट काढण्याची गरज नाही. ताटात डोकावले तरी पुरते.

फ्रेंच कामगाराने तर हे भाषेतच मुरवले आहे. आपण 'पोटापाण्याला लागणे' म्हणतो, त्या अर्थी तो 'आपला स्टेक कमावणे' म्हणतो. आणि आपल्या हक्कावर कोणी हात टाकला, तर 'आपला स्टेक राखणे' असे म्हणतो. आपल्याकडे या जागी भाकरी आहे. पदार्थ निराळा, भावना तीच.

आता अमेरिकेतल्या शिकागो शहराकडे चला. १ मे १८८६ च्या आठ तासांच्या लढ्यामुळे शिकागोचे नाव कामगार चळवळीत कोणाला ठाऊक नाही? पण त्याच शहरात १८६५ च्या नाताळच्या दिवशी जनावरांचा एक प्रचंड बाजार उघडला, 'युनियन स्टॉक यार्ड्‌स'. तो १९७१ पर्यंत चालला. येथे 'युनियन' याचा अर्थ कामगारांची युनियन नव्हे, रेल्वे कंपन्यांनी एकत्र येऊन काढलेला बाजार, हेही ध्यानात ठेवा! १८८० च्या सुमारास बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे निघाले. पूर्वी जिवंत जनावर गावोगाव जाई. आता शिकागोत कापलेले मांस न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागले. स्टेक स्वस्त झाला तो या डब्यांमुळे. आणि दुसऱ्या एका गोष्टीमुळे.

ती दुसरी गोष्ट अशी. पूर्वी खाटीक हा पुरा कारागीर होता. जनावर उभे असल्यापासून ते तुकडे तोलून देईपर्यंत सगळे काम एकाच हाताला येत असे. शिकागोच्या मालकांनी त्या कारागिरीचेच तुकडे केले. जनावर आकड्याला टांगून वरच्या रुळावरून पुढे सरकावयाचे, आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने एकच काप द्यावयाचा; दिवसभर तोच काप. कातडे सोलणारा तेवढेच सोलणार, कणा फोडणारा तेवढाच फोडणार. असे झाले की कारागिराची गरज उरत नाही. कालच बोटीतून उतरलेला निर्वासितही चालतो, आणि त्याला मजुरी कमी दिली तरी चालते. हेन्री फोर्डने १९१३ साली मोटारीच्या कारखान्यात सरकता पट्टा आणला. त्याची मूळ कल्पना शिकागोच्या या रुळावरून मिळाल्याचे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. म्हणजे ज्या पट्ट्यासमोर सगळ्या जगाचा कामगार उभा राहिला, तो पट्टा पहिल्याने उलटा फिरला: जोडण्यासाठी नव्हे, तोडण्यासाठी.

१९०४ च्या जुलैत तेथील कामगारांनी संप केला. कसबी कामगार बिनकसबी मजुरांच्या किमान वेतनासाठी उठले, हे त्या संपाचे मोठेपण. संप हरला. त्यानंतर अप्टन सिंक्लेअर हा तरुण समाजवादी लेखक त्या वस्तीत जाऊन राहिला, आणि १९०६ साली त्याची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याला दाखवावयाचे होते कामगाराचे हाल. वाचकांना दिसला मांसातला घाणेरडेपणा. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मांसतपासणीचा कायदा झाला. खाणाऱ्याचे पोट सुरक्षित झाले. कापणाऱ्याची बोटे मात्र तशीच राहिली. त्या कामगारांची भक्कम संघटना उभी राहावयास १९३७ साल उजाडले. ती उभी राहिली याचे कारण काळे आणि गोरे कामगार एका टेबलाशी बसले. तरीही काम आजही धोक्याचेच आहे. २०२० साली कोविडच्या साथीत अमेरिकेतल्या मांसकारखान्यांत खांद्याला खांदा लावून उभे असलेले हजारो कामगार आजारी पडले. आणि एप्रिलअखेर राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला तो कारखाने चालू ठेवण्याचा. देशाला जेवण हवे होते. ते देणारे हात आजारी आहेत, हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकाचा ठरला.

इतिहास येथे थांबवतो आणि चुलीकडे येतो. कारण आम्ही पाककृतीचे वचन दिले आहे, आणि वचन देऊन भाषणच ठोकणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले आहेत.

पहिली पायरी मांसाची निवड. दुकानात 'अंडरकट' मागावा. पाठीच्या कण्याखालचा हा लांबट स्नायू. जनावराला चालताना याचे फारसे काम पडत नाही, म्हणून तो मऊ असतो. मान, खांदा आणि रान यांना जन्मभर राबावे लागते, म्हणून ते चिवट होतात. श्रमाने स्नायू चिवट होतो हे आम्हां कामगारांना निराळे सांगावयास नको! म्हशीच्या मांसाचा रंग गडद असतो, चरबी कमी आणि पांढरी असते. दूध आटलेली वयस्क म्हैस हाच बहुधा आपल्या बाजारातला माल. म्हणून रानाचा तुकडा आणून त्याचा स्टेक करण्याच्या भरीस पडू नये. त्याचा रस्सा करावा, कुकरला किंवा मंद आचेवर. तेथे चिवटपणाच उपयोगी पडतो, कारण स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू दीर्घकाळ शिजले की विरघळतात आणि रस्सा दाट होतो. प्रत्येकी दोनशे ग्रॅम धरून तुकडे आडवे कापून घ्यावेत, जाडी दोन बोटे. पातळ काप घेऊ नये. वरून रंग चढेपर्यंत तो आतून वातड होऊन जातो.

दुसरी पायरी धीराची. आपल्याकडे पहाटे कापलेले जनावर दुपारपर्यंत विकून संपते, आणि ताजे म्हणजे चांगले अशी आपली समजूत आहे. मासळीबाबत ती खरी. या मांसाबाबत नव्हे. प्राण गेल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. ते पुन्हा सैल पडावयास थंडीत एक-दोन दिवस जावे लागतात. मांसातलीच पाचक द्रव्ये हे काम करतात. म्हणून खात्रीच्या दुकानातून आणलेला ताजा तुकडा घरी आल्याबरोबर कोरडा पुसून, ताटलीवर जाळी ठेवून तीवर मांडावा आणि फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात, बाकीच्या अन्नापासून दूर, दोन दिवस ठेवावा. फ्रिजचा भरवसा नसेल, वीज जात असेल, तर हा प्रयोग करू नये. त्याच दिवशी शिजवावे. वास आंबूस आला किंवा हाताला बुळबुळीत लागले, तर मोह न धरता टाकून द्यावे.

तिसरी पायरी मिठाची. अर्ध्या किलोला चहाचा एक सपाट चमचा मीठ, आदल्या संध्याकाळी सगळीकडून चोळावे. प्रथम मीठ पाणी बाहेर काढते. तासाभरात तेच खारे पाणी पुन्हा आत मुरते आणि पृष्ठभाग सुकू लागतो. आदल्या दिवशी जमले नाही तर तव्यावर टाकण्याच्या क्षणी मीठ लावावे. दहा-पंधरा मिनिटे आधी लावणे हे सर्वांत वाईट: पाणी बाहेर आलेले असते आणि परत गेलेले नसते. मांस फारच निबर वाटले, तर कच्च्या पपईचा कीस चहाचा एक चमचा, अर्धा तास, पुरे. जास्त लावला तर वरचा थर लगदा होतो आणि आतला तसाच राहतो.

चौथी पायरी तव्याची. बिडाचा जाड तवा असेल तर उत्तम. आपल्या आज्यांनी घावनांसाठी जपलेला तो तवा लंडनच्या कोणत्याही शेगडीला हार जाणार नाही. तो चांगला पाच-सहा मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो गोळी होऊन तव्यावर पळू लागला, की तवा तयार. तुकडे पुन्हा एकदा पुसून अगदी कोरडे करावेत. यामागचे कारण समजून घ्या. पाणी शंभर अंशांवर उकळते. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शंभरावर चढतच नाही, आणि तपकिरी रंग व खमंग वास यांना सुमारे एकशे चाळीस अंश लागतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली साखर आणि प्रथिनांचे घटक तापवून ही क्रिया प्रथम वर्णिली. भाकरीला पडणारे डाग, भाजलेली कॉफी, खरपूस पाव, सगळीकडे तीच क्रिया आहे. ओला तुकडा तव्यावर टाकणारा माणूस स्टेक भाजत नसतो, उकडत असतो. त्याच कारणाने एका तव्यावर चार तुकडे दाटीवाटीने घालू नयेत, दोनच घालावेत.

शेंगदाण्याचे रिफाइंड तेल एक चमचा तव्यावर फिरवावे आणि तुकडे ठेवावेत. खिडकी उघडी असू द्या, धूर होणारच. आता दर मिनिटाला उलटावयाचे. एकदाच उलटावे असे पुष्कळ जण बजावतात. पण वारंवार उलटल्याने दोन्ही बाजूंची आच सारखी आत जाते, कडेचा भाग वातड होत नाही आणि वेळही थोडा वाचतो. आच आता मध्यम करावी. दोन बोटे जाडीच्या तुकड्याला साधारण आठ ते दहा मिनिटे लागतात. शेवटच्या दोन मिनिटांत एक चमचा लोणी आणि ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या टाकून ते वितळलेले लोणी चमच्याने वरून सोडत राहावे. लोणी आधी घातले तर जळते. मिरपूड सर्वांत शेवटी.

येथे एक जुनी समजूत दूर केली पाहिजे. युस्टुस फॉन लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ मोठा माणूस. त्याने १८४७ साली असे मांडले की, प्रथम जोरदार आच दिली की मांसाभोवती कवच धरते आणि रस आत कोंडला जातो. जगभरच्या आचाऱ्यांनी ते मानले, अजूनही पुष्कळ मानतात. पुढे लोकांनी तुकडे आधी आणि नंतर तोलून पाहिले, तेव्हा असे काही होत नसल्याचे दिसले. तव्यावर चरचर आवाज येतो तोच मुळी रस बाहेर पडत असल्याचा पुरावा आहे. खरपूस कड हवी ती चवीसाठी. रस कोंडण्यासाठी नव्हे. रस राहतो तो आतली उष्णता बेतात ठेवल्याने. सुमारे साठ अंशांपुढे स्नायूचे वेष्टन आकसू लागते आणि पिळलेल्या फडक्यासारखे पाणी बाहेर टाकते. सत्तरीपलीकडे तुकडा कोरडा पडतो.

मग थांबावे कोठे? युरोपात पुष्कळ जण पन्नास-पंचावन्न अंशांवर, लालभडक असताना खातात. आमचे मत असे की आपल्या बाजारातल्या मांसाबाबत ही हौस करू नये. जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात हे खरे. पण पट्टकृमीच्या गाठी स्नायूच्या आत असू शकतात. स्वयंपाकाचा उष्णतामापक आता कोठेही विकत मिळतो. त्याची सळई तुकड्याच्या मध्यभागी टोचावी आणि ६३ अंश दाखवले की तुकडा उतरवावा. मध्ये फिकट गुलाबी छटा राहते आणि रसही राहतो. मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई जेवणार असेल तर सत्तरीपर्यंत न्यावा. खिम्याला तर ७१ अंशांखाली सूट नाही, कारण तेथे पृष्ठभागच सगळा आत गेलेला असतो. आणि ताटलीत जो लाल रस उतरतो तो रक्त नव्हे. स्नायूत प्राणवायू साठवणाऱ्या द्रव्याचा तो रंग आहे. पुष्कळांची शिसारी एवढ्या एका माहितीने कमी होते.

उतरवल्यावर पाच मिनिटे त्याला हात लावू नये. तेवढ्यात रस दाटतो आणि कापताना वाहून जात नाही. त्या पाच मिनिटांत तव्याकडे लक्ष द्यावे. तव्यावर जी खरवड चिकटली असेल ती धुऊन टाकणे म्हणजे पगाराचे पाकीट टाकून देण्यासारखे आहे. जादा तेल काढावे, बारीक चिरलेला कांदा परतावा, अर्धी वाटी पाणी ओतून लाकडी उलथन्याने खरवड सोडवावी, निम्मे आटू द्यावे, शेवटी थोडे लोणी. हाच रस्सा. उकडून तेलावर परतलेले बटाटे आणि पाव सोबत असला की झाले. तुकडा खाताना तंतूंच्या आडवा कापावा. उभा कापला की दातांना राबावे लागते.

एवढीच पाककृती. मांस, मीठ, तेल, लोणी, लसूण, मिरी. मोठ्या हॉटेलात याला जे मोल पडते त्यात तुकड्याचे किती आणि गूढतेचे किती, याचा हिशेब आपला आपण करावा. ज्ञान झाकून ठेवले की त्याचे भाडे घेता येते; कारखान्यात आणि स्वयंपाकघरात हा नियम सारखाच आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा सगळा प्रपंच केला. १९५७ च्या जुलैत दिल्लीला पंधरावी भारतीय कामगार परिषद झाली. तिने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरवले: कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च, डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला २७०० उष्मांक, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. हे सूत्र आमच्या चळवळीने मोठ्या कष्टाने मिळवले, त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण त्यात माणूस उष्मांकांनी मोजला आहे. इंजिनाला कोळसा किती लागतो, तसा हा हिशेब. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात त्याला जोड दिली: मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत. सणाचा घास हा वेतनाचा भाग आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले. कामगार फक्त जगत नाही, जेवतोही, असा त्याचा अर्थ आम्ही करतो.

आपल्या महाराष्ट्रात या घासाला आणखी एक इतिहास आहे, आणि तो न सांगता खाली बसणे हा पळपुटेपणा ठरेल. गावकुसाबाहेरच्या माणसाला मेलेले ढोर ओढावे लागे, आणि त्याचेच मांस त्याच्या वाट्याला येई. ते वाळवून चान्या करून ठेवीत; पावसाळ्यात, उपासमारीत त्याच चान्या कामी येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस आणि उष्टे सोडण्याचा आदेश दिला. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळच या मांसाच्या प्रश्नाशी जोडले आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात या स्वयंपाकघराची तपशीलवार नोंद केली. तोवर मराठीतल्या पाकशास्त्राच्या कपाटात त्या चुलीला जागा नव्हती. बाबासाहेबांच्या आदेशाचा अर्थ आम्ही असा समजतो: लादलेला घास नाकारा. मग त्याची दुसरी बाजूही ओघानेच येते. स्वतःच्या मजुरीतून, स्वतःच्या निवडीने, स्वच्छ ताटात घेतलेला घास हा लादलेल्या घासाच्या अगदी उलट असतो. मांस तेच असेल. माणूस तो राहिलेला नसतो.

आणि आज? भाड्याचे घर पाहावयास गेलेल्या माणसाला पगार विचारण्याआधी खाणे विचारले जाते. २०१५ च्या कायद्यानंतर देवनारच्या कत्तलखान्यातले बैलांचे काम थांबले; कापणारे, कातडे कमावणारे, भाकड बैल आठवडेबाजारात विकून नवा घेऊ पाहणारा शेतकरी, या साखळीतल्या प्रत्येकाच्या भाकरीवर परिणाम झाला. कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा विधिमंडळात आणि न्यायालयात व्हावी. ती आम्ही येथे करीत नाही. पण ज्यांचा धंदा गेला, त्यांच्या पुनर्वसनाची चर्चा तितक्याच मोठ्या आवाजात का झाली नाही, हे विचारण्याचा अधिकार कामगार चळवळीला आहे. गिरणी बंद झाली तेव्हा आम्ही जे विचारले, तेच खाटिकासाठी विचारले पाहिजे. तोही कामगारच आहे. त्याच्या सुरीच्या धारेला जे कौशल्य लागते, ते लेथवरच्या माणसाने पाहावे आणि मग सांगावे.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. जे खातात त्यांनी नीट शिजवून, स्वच्छतेने, मान ताठ ठेवून खावे, आणि ज्याने तुकडा कापून दिला त्याला भाव करताना माणूस समजावे. जे खात नाहीत त्यांनी न खाण्याचे आपले स्वातंत्र्य जपावे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आलेल्या वासावरून त्याची जात, धर्म किंवा देशभक्ती ठरवू नये. आणि दोघांनी मिळून एवढे पाहावे की, आपल्या गावात आठ तास राबलेल्या माणसाला रविवारी आपल्या आवडीचे, मग ते पुरणाची पोळी असो, मासळीचे कालवण असो की बीफस्टेक असो, निवांतपणे बसून जेवता येईल एवढी मजुरी आणि एवढी सुटी मिळते की नाही.